गोदाबाईचा नारळ

गोदाबाईला लकवा मारला आणि घरात शहाळी यायला लागली. जो भेटायला येई तो शहाळं घेऊन येई. फ्रीजमध्ये शहाळी, पलंगाखाली शहाळी, जिन्याच्या पायरीवर शहाळी. मुलगा देवेश तर एकदा म्हणाला, "आये, आता मानपाड्याला गाडीच लावू आपण शहाळ्यांची." गोदाबाई वाकड्या ओठाने हसली. पण शहाळ्याचा तिला मनातून तिटकारा आला होता. तिला हवा होता नारळ. शेंडीचा, हळदकुंकू लावलेला, सोबत सुपारी ठेवलेला.

हे नारळाचं प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीला कसले डोहाळे लागले. गोदाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीच्या आधी मांडवात बसून धवले गाते ती धवलारीण. तिने एकेका देवाला हाक मारून लग्नाला बोलवायचं, आणायचं, बसवायचं, आणि मगच नवरीच्या अंगाला हळद लागायची. तिला बोलवायचं तर फोन करून चालत नाही. नवरीकडच्यांनी नारळ-सुपारी घेऊन तिच्या उंबऱ्यावर यायचं. आणि धवलारणीने कधीही, कुणाकडेही नारळ मागायचा नाही. दुसरीकडे नारळ हातात मिळाला की माणसाची नोकरी जाते, गोदाबाईला नारळ मिळाला की तिची लागायची. लग्नसराईत तिच्या देव्हाऱ्यापुढे नारळांची रांग असायची, आणि ती त्या रांगेकडे बघत बघत जेवायची.

लकव्यानंतर एकही नारळ आला नव्हता.

गेल्या आखाडात तव्यावरची भाकरी उलटायला गेलेला डावा हात तव्यावरच राहिला, आणि तिला चटका कळलाच नाही. सून दर्शनाने बघितलं, हात ओढला, गाडी काढली, शीळ रस्त्याचं ट्रॅफिक कापत हॉस्पिटलात नेलं. वेळेत नेलं म्हणून बाई वाचली. बोलणं राहिलं, गळा राहिला. डावी बाजूही हळूहळू परत आली. आता ती चालते, हाताने जेवते, जिना चढते. म्हणजे बघणाऱ्याच्या हिशेबी ती ठणठणीत बरी झाली.

आणि इथेच सगळा घोळ झाला. कारण हात आले, पाय आले, पण दम काही आला नाही. सकाळी आंघोळ करून आली की ती पलंगावर आडवी. उठून वेणी घातली की पुन्हा आडवी. कोलंबी सोलायला बसली तर अर्ध्या वाटीत हात मांडीवर पडायचे आणि वाटीतली कोलंबी नुसती बघत राहायची. ही झोप नव्हती. झोपून उठलं तरी तो थकवा तिथेच उशाशी बसलेला असायचा. व्यायाम घ्यायला येणारी मैथिली म्हणाली होती, "आजी, मेंदूला मार लागलाय. हातपाय दिसतात, हे दिसत नाही. यात तुमचा काही आळस नाही." गोदाबाईने तिला जवळ घेऊन तिच्या गालावरून हात फिरवला होता, कारण एवढं साधं वाक्य गावात दुसरं कुणी बोललं नव्हतं.

गावात काय बोलत होते ते सांगू? गावदेवीच्या देवळाबाहेर एक बाई म्हणाली, "म्हातारीला आता पडून खायची सवय लागली." जिभेला काही हाड! जिने उभ्या गावाच्या मुली गाऊन गाऊन सासरी पाठवल्या, तिला सवय लागली म्हणे.

स्वतः गोदाबाई म्हणायची, आपल्या गच्चीवरची टाकी बघा. पाणी कमी आलं की अर्धीच भरते. सकाळी कुणी नळ सोडून गेलं, की दिवसभर खडखडाट. तिची टाकी सकाळी थोडी भरायची आणि कुणीतरी येऊन "काय गो, कशी हाय तब्येत?" विचारत बसून ती रिकामी करून जायचं. वर जाताना शहाळं ठेवून जायचं.

मार्गशीर्षात शेजारची हेमा आली. हेमा या गावात सून म्हणून आली तेव्हा तिच्या हळदीला माहेरच्या मांडवात जाऊन गोदाबाईनेच धवले गायले होते. तिच्या मुलीचं, योगिनीचं लग्न ठरलंय हे गोदाबाईच्या कानावर आलेलं होतं. हेमाच्या हातात पिशवी होती, पिशवीत काहीतरी गोल होतं. गोदाबाईने घाईघाईने पदर सारखा केला आणि उंबऱ्यापर्यंत चालत गेली, कारण नारळ उंबऱ्यावर घ्यायचा असतो.

हेमाने पिशवीतून शहाळं काढलं.

"काकी, उठलास कशाला? बस गो," हेमा म्हणाली. मग बराच वेळ बसली. लग्नाचा हॉल, कल्याणहून घेतलेले शालू, घोडबंदरला योगिनीच्या हापिसातले लोक किती येणार, सगळं सांगितलं. शेवटी चाचरत म्हणाली, "धवल्यांचं कमलेश बघतंय. त्याच्या डीजेवर रेकॉर्डिंग हाय, मोप आवाज हाय त्याचा. देवेशच बोलला, आयेला जमायचं नाय, तिला तरास देव नका."

"बरा केलास," गोदाबाई म्हणाली. हेमा गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली, आणि दुपारचं जेवली नाही.

संध्याकाळी देवेश घरी आला तसा तिने त्याला धरलाच. "तुला कोनी इचारलेला? माजा नारळ तू कोन परत पाठवनारा?"

"आये, अगं तुझ्यासाठीच बोललो. तू वेणी घालून दमतेस. तिथं तासन् तास बसणार कशी?"

"नाय बसनार तर मी सांगन, तू नाय."

वाईट पोरगा नव्हता तो. आई मरता मरता वाचली हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तो तिला काचेच्या भांड्यासारखा कपाटात ठेवू बघत होता. कपाटात राहून तिला काय वाटत असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

खरं सांगायचं तर गोदाबाईला त्या दिवशी फार आठवण आली. माणसाची नाही, स्वतःची. दुपारी बसलेली ती दिवे लागले तरी न उठणारी, घोटभर चहावर पुढच्या देवाला हाक मारणारी, मांडवाबाहेर कुणाचं लक्ष गेलं तर आवाज चढवून त्याला आत ओढणारी गोदा. ती बाई कुठे गेली? एकदा तरी दिसावी, दारातून का होईना, असं तिला वाटत राहिलं.

मायलेकांचं बोलणं दर्शनाने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन येताना ती हेमाच्या दारात जरा जास्त वेळ थांबली.

रविवारी सकाळी योगिनी आली. जीन्स, पाठीला लॅपटॉपची बॅग. उंबऱ्याबाहेरच उभी राहून तिने बॅगेची चेन उघडली. चार्जर बाजूला सारला आणि आतून नारळ काढला. शेंडीचा. हळदकुंकू बॅगेत सगळीकडे सांडलेलं. सुपारी सापडेना, ती मग जीन्सच्या खिशात सापडली.

"आजी, मला स्पीकर नको," ती म्हणाली. "मम्मीला तू गायलीस, मला पण तूच पाहिजेस."

गोदाबाई नारळाकडे बघत राहिली. हात पुढे होईना. "बाय गो, पुरा नाय झाला तर?"

"मग बघू ना तेव्हा."

बघू कसं? पोरीला काय माहीत! ज्या आत्याने गोदाबाईला धवले शिकवले तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, देवाला त्याच्या घरातून उठवलंस तर मांडवात आणून बसवायचाच. वाटेत सोडायचा नाय. अर्ध्यावर सोडलेला धवला म्हणजे नवरीला अपशकुन, आणि धवलारणीला पुन्हा कधी नारळ नाही. गोदाबाईला हे सगळं माहीत होतं. जमेल की नाही हे माहीत नव्हतं. तरी तिने दोन्ही हात पुढे केले आणि नारळ घेतला. डाव्या हातात त्याचं वजन नीट कळत नव्हतं म्हणून छातीशी धरला. त्या दिवशी जेवताना ती देव्हाऱ्यापुढच्या एकुलत्या नारळाकडे बघत बघत दोन भाकऱ्या जेवली.

मग सुरू झाली काटकसर. आंघोळ दर्शना घालायची, वेणी दर्शना घालायची, दारावर आलेल्याला "आई झोपल्यात" असं सांगायचं कामही तिचंच. वाचवलेला दम घेऊन गोदाबाई पडल्या पडल्या गाऊन बघायची. आवाज चांगला लागायचा. टिटवाळ्याचा गणपती यायचा, अंबरनाथचा महादेव यायचा. मग कार्ल्याहून एकवीरा आई निघायची, आणि वाटेत गाडी अडायची.

यातही दोष गोदाबाईचाच. जुन्या धवलारणी देवांना खाडीतून होडीने आणत, चार ओळींत काम होई. गोदाबाईला हौस मोठी. तिने देवांना रस्त्याने आणायला सुरुवात केली. लोणावळा, खोपोली, पनवेल, तळोजा, शीळफाटा, काटई, प्रत्येक ठिकाणाचं नाव आणि प्रत्येक ठिकाणी आईचा थाट. पोरींना ते फार आवडायचं. आता स्वतः लांबवलेला रस्ता तिचा तिलाच सरेना.

"कुठपर्यंत जातं, आई?" दर्शनाने विचारलं.

"शीळफाट्यापावत."

"रोज तिथंच?"

"रोज तितंच. मंग डोल्यापुढं काय दिसतच नाय."

"मग थोडं कमी करा ना. पनवेलवरून डायरेक्ट आणा."

"देवाला शार्टकट?" गोदाबाईने डोळे वटारले. "आणि एकवीरेच्या मागं जेजुरीचा खंडेराव हाय, तो काय इमानात बसून येल?"

दर्शना हसली, गोदाबाईही हसली. पण जमणार नाही हे आता दोघींनाही ठाऊक होतं. दर्शना कुणाला बोलली नाही. गोदाबाईने नारळ परत केला नाही. चूक होती का ही? असेल. पण सहा महिने शहाळी पिऊन बघा म्हणजे कळेल.

हळदीचा दिवस उजाडला. गोदाबाईची टाकी त्या सकाळी बऱ्यापैकी भरली होती. हिरवं लुगडं नेसली, म्हणजे दर्शनाने नेसवलं, आणि ती शेजारच्या मांडवात जाऊन चटईवर बसली. आणि मग काय विचारता! सगळं गोत गोळा झालेलं. "काकी आयली! काकी बरी झायली!" जो तो येऊन पायाला हात लावतोय, गालाला हात लावतोय. कशी हाय? हात उचलून दाखव. गोल्या कुठल्या? मना वळखलास का? आमच्या साल्याला पन आसाच झाल्ता. एकीने तर वाकवून सेल्फी घेतला. प्रेम हो, सगळं प्रेमच. पण एवढ्या जणांना उत्तर द्यायला निरोगी माणूस दमेल. दर्शना मध्ये पडून हात जोडत होती, तिला कोण ऐकतंय! त्यात कमलेशने डीजे तपासायला म्हणून दोनदा मांडव हादरवला. हेमाने पाट मांडून योगिनीला बसवलं तेव्हा गोदाबाईच्या टाकीत तळाशी काय ते राहिलं होतं.

तरी तिने सूर लावला. मागे धरायला गावातल्या बाया बसल्या होत्या. धवलारीण जी ओळ म्हणेल ती जशीच्या तशी मागून म्हणायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. पहिली ओळ गेली आणि मांडव शांत झाला. आवाज तोच होता. हेमाने तोंडाला पदर लावला. गणपती आला, बसला. महादेव आला, बसला. कार्ल्याचा डोंगर उतरून आई निघाली. लोणावळा झाला, खोपोली झाली, पनवेल झालं.

तळोज्याला गोदाबाईच्या कानात सूं सूं सुरू झालं. डावा हात मांडीवरून घसरून चटईवर पडला. समोरची योगिनी दिसत होती, पण लांबची, कुणी दुसऱ्याच मांडवात बसलेली असावी तशी. तिने डोळे फिरवले. खांबापाशी देवेश उभा होता, घाबरलेला. त्याने कमलेशला मान हलवून खूण केली. कमलेशने फोन हातात घेतला, आणि त्याचा अंगठा फोनच्या काचेवर येऊन थांबला.

संपलं, गोदाबाईच्या मनात आलं. आता तो स्पीकर वाजवणार. पोरीला अपशकुन. आणि आपल्या दारात मरेपर्यंत शहाळी.

एका ओळीपुरता दम होता. फार तर दोन. तिने डोळे मिटले आणि जी सुचली ती ओळ म्हटली:

"शीळ गो फाट्यावरी गाऱ्या दाटल्या, आईची पालखी तितं थांबली."

बायांनी सवयीने ओळ उचलली. शीळ गो फाट्यावरी गाऱ्या दाटल्या, आईची पालखी तितं थांबली. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आई गाड्यांच्या गर्दीत अडकली असं धवल्यात कधी नव्हतं, आणि त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पण म्हणून झालं होतं.

"बसा गो आये झाराच्या साउलीला, तुमी पन दमल्या, मी पन दमली."

ही ओळसुद्धा बायांनी म्हटली. हळू, अडखळत, पण शेवटपर्यंत म्हटली. आणि गोदाबाई बसल्या जागी चटईवर कलंडली. दर्शनाने धावत येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानंतरचं तिला काही कळलं नाही.

ती जागी झाली तेव्हा पहिल्यांदा तिला शांतता कळली. डीजे नाही, भांड्यांचा आवाज नाही. मांडवातलं ऊन एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं होतं. झाली हळद. आपण झोपलो आणि सगळं उरकून लोक जेवायला गेले. तिला रडू आलं, आणि ते तिने आवरलं नाही. तोंड तसंच दर्शनाच्या मांडीत खुपसून ती रडली. एवढीच इच्छा होती, एवढी एकच.

"आई," दर्शना हळूच म्हणाली, "बघा तरी."

गोदाबाईने मान वळवली. हळदीची वाटी हेमाच्या मांडीवर होती, वर ओला फडका टाकलेला. मागे धरणाऱ्या बाया पाय पसरून, खांबाला टेकून तिथेच बसल्या होत्या. कुणी सुपारी कातरत होती, कुणी डुलकी काढत होती. कमलेश खुर्चीत बसला होता, फोन खिशात. त्याने मधे एकदा रेकॉर्डिंग लावू का म्हणून विचारलं होतं म्हणे, तर एक म्हातारी त्याच्यावर खेकसली, "तुज्या रेकाडला काय ठाव आई कुठं उभी हाय ती?" आणि जेवणवाल्याला पातेली झाकून ठेवायला सांगून आला होता स्वतः देवेश. तो आता मांडवाच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून गप्प करत होता.

योगिनी पाटावरच होती. कोरडी. अंगाला हळदीचा ठिपकासुद्धा नाही. अवघडलेला पाय तिने पुढे पसरला होता, आणि ती गोदाबाईकडे बघत होती.

कुणी कशी आहेस म्हणून विचारलं नाही. हेमा जरा पुढे सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काकी, सुटला का फाटा?"

गोदाबाईने डोळे पुसले. दर्शनाने पाठीला हात लावून तिला बसती केली, डावा हात उचलून मांडीवर ठेवला. घोटभर पाणी प्यायली. पूर्वीची गोदा काही दारातून आली नव्हती. आता येणारही नव्हती, आणि तिच्यासाठी जीव तुटायचा तो तुटतच राहणार होता. पण बायांनी पसरलेले पाय जवळ घेतले, सुपारी तोंडातून काढली, आणि सगळ्या तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"सुटला," ती म्हणाली, आणि तिने आईला शीळफाट्यावरून उठवलं.

काटईपर्यंत आवाज टिकेल असं तिला वाटत होतं. जेजुरीचा खंडेराव तर अजून घरातून निघायचा होता. दर्शनाने पुढच्या थांब्यासाठी उशी आणायला घरी माणूस पाठवला.